दहा वाजताची करवत

गल्लीत सकाळी दहा वाजता करवत सुरू व्हायची. दहाला पाच कमी असताना नाही आणि दहा वाजून पाच मिनिटांनीही नाही. समोरचा सलूनवाला तिच्या आवाजावर भिंतीवरचं घड्याळ लावून घ्यायचा. एकदा त्या घड्याळाचा सेल संपला, तर त्याने दोन महिने नवा घातलाच नाही. म्हणाला, "मिस्त्री आहेत ना."

मिस्त्री म्हणजे करवतीचे मालक. वय पंचेचाळीस, अंग सडपातळ, भुवयांवर कायम लाकडाचा भुसा, आणि उजव्या कानामागे पेन्सिल. ही पेन्सिल त्यांच्या लग्नाच्या फोटोतही आहे.

त्यांना कुणी सुतार म्हटलेलं खपत नसे. खुर्च्या-टेबलं करतो तो सुतार. मिस्त्री नमुने करायचे. लोखंडाची कुठलीही ओतीव वस्तू घ्या, पंपाचं झाकण घ्या, मशीनचा पाय घ्या, ती आधी लाकडाची असते. फाउंड्रीवाले तो लाकडी नमुना ओलसर वाळूत दाबतात, अलगद उचलून घेतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड निवलं की वस्तू तयार. चार माणसांना उचलायला लागतं ते धूड आधी मिस्त्रींच्या तळहातावर फुलासारखं हलकं बसलेलं असायचं. ते त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, डोळे मिटून. कुठे केसाएवढा उंचवटा लागला तर पुन्हा रंधा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात भुसा तरंगत असायचा, आणि तो खाली बसेपर्यंत मिस्त्री दुसऱ्या कामाला हात लावायचे नाहीत.

या धंद्याच्या दोन सवयी त्यांच्या अंगात मुरल्या होत्या.

पहिली पट्टीची. लोखंड निवताना आकसतं, शंभरात साधारण एक. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. आता दर मापात शंभरावा हिस्सा मिळवत कोण बसणार? म्हणून ओतकामाची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावर एक मीटर लिहिलेला असतो आणि तो खरा एक मीटर एक सेंटिमीटर भरतो. पंचवीस वर्षं मिस्त्रींनी दुसरी पट्टी हातात धरली नव्हती. त्यांच्या मते त्यांची पट्टी बरोबर होती आणि बाकीच्या जगाची थोडी आखूड.

दुसरी सवय लिहिण्याची. नमुन्याचा एक तुकडा हरवला की अख्खा नमुना वाया. म्हणून करवतीखालून निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने लिहायचं. आधी फळीचा नंबर, मग तुकड्याचा नंबर, मग तारीख. तुकडा केवढाही असो. ज्या उस्तादांकडे ते शिकले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "लिहिलं नाहीस तर ते लाकूड नाही, सरपण आहे." तेव्हापासून मिस्त्री लिहीत होते.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. सकाळी सहाला जायची, लोकांच्या दंडातून रक्त काढायची, नळ्यांवर नंबर आणि तारीख लिहायची. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, जोडा जुळलाय, दोघंही नंबर टाकतात. घटस्फोट झाला त्याला आता चार वर्षं झाली. कारण सांगण्यासारखं मोठं नव्हतं. ती काहीही विचारायची आणि मिस्त्री म्हणायचे, "मस्त चाललंय." घराचा हप्ता थकला तरी मस्त. दोन बोटांची टोकं मशीनने उडवली त्या दिवशी दवाखान्यातून फोन केला, तेव्हाही मस्तच. नऊ वर्षं ऐकून घेतल्यावर एक दिवस ती म्हणाली, "मला एकदा तरी तुमच्या तोंडून वाईट चाललंय असं ऐकायचं होतं हो." आणि मुलीचा हात धरून माहेरी गेली. माहेर म्हणजे गल्लीपलीकडचं, मिस्त्रींच्या कारखान्यासमोरच्या इमारतीतलं. तिथे तिची धाकटी बहीण राहायची. पुढे तिने दोन स्टॉप पलीकडे खोली घेतली, बहीण तिथेच राहिली. म्हणजे मिस्त्रींची मेव्हणी रोज खिडकीत उभी, आणि खिडकीखाली करवत.

मुलीला मिस्त्री ठकी म्हणायचे. लाकडाच्या बाहुलीला म्हणतात तसं. पोटगी ठरली ती ठकीसाठी. बायकोने स्वतःसाठी काही मागितलं नाही. तिच्या वकिलाने ठकीच्या खर्चासाठी एक रक्कम मागितली आणि न्यायाधीश बाईंनी मिस्त्रींना विचारलं, "एवढी झेपेल का?"

मिस्त्रींना राग आला.

"एवढीच?" ते म्हणाले.

मिस्त्रींच्या वकिलांनी त्यांच्या पायावर पाय दिला. मिस्त्रींनी पाय काढून घेतला. "माझ्या मुलीसाठी मी याच्या दीडपट देईन. लिहा तुम्ही."

बाईंनी लिहिलं. मिस्त्रींचा वकील म्हणजे कोवळा पोरगा, त्याची ती दुसरीच केस होती. बाहेर आल्यावर तो जिन्यावर बसला.

साडेतीन वर्षं मिस्त्रींनी पहिल्या तारखेला दीडपट रक्कम दिली. मग फाउंड्रीत एक मशीन आलं. ते कॉम्प्युटरमधून चित्र घेतं आणि थेट नमुना कोरून देतं. बोटं उडत नाहीत, चहा लागत नाही. फाउंड्रीच्या मालकाने मिस्त्रींना मुद्दाम बोलावून ते दाखवलं. चांगला माणूस होता, वाईट वाटत होतं त्याला. मिस्त्री मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाले, "कडा मारत नाही नीट."

"मिस्त्री, आता काम कमी होणार."

"काही हरकत नाही. माझ्याकडे बाहेरचं भरपूर आहे."

बाहेरचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना मिस्त्री कारखान्यात उभे होते. टेबल पुसलेलं. पटाश्या ओळीने लावलेल्या. करायला काही नाही. समोर सलूनवाल्याने एका गिऱ्हाईकाच्या गालाला फेस लावला आणि घड्याळाकडे बघून वस्तरा हातात धरून थांबला. मिस्त्रींनी ते पाहिलं. दहा वाजले. मिस्त्रींनी बटण दाबलं.

रिकामी करवत नुसती गुणगुणते. लाकूड लागलं की ओरडते. हा फरक गल्लीतल्या लहान पोरालाही कळत होता. म्हणून मिस्त्रींनी कोपऱ्यातली एक जुनी फळी काढली, नऊ नंबरची, आणि मधोमध चिरली. मग पेन्सिल काढून दोन्ही तुकड्यांवर लिहिलं. फळी नऊ, तुकडा एक, तारीख. फळी नऊ, तुकडा दोन, तारीख. लिहून झाल्यावर आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. पण सहा वाजायला खूप वेळ होता.

असं पाच महिने चाललं. नऊ नंबर संपली, मग चौदा नंबर काढली, मग एकवीस. फळीचे पट्टे झाले, पट्ट्यांच्या कांड्या झाल्या, कांड्यांच्या बोटाएवढ्या काड्या झाल्या. शंभर काड्या झाल्या की मिस्त्री त्या पोत्यात भरायचे. संध्याकाळी दुकान बंद करताना सलूनवाला ओरडायचा, "काय मिस्त्री, दम खात नाही का कधी?" मिस्त्री भुवया झटकून म्हणायचे, "ऑर्डर आहे मोठी."

पोटगीचे पैसे साठवलेल्यातून गेले. मग मोटारसायकल गेली. मिस्त्री म्हणाले, चालणं बरं असतं. मग जायला काही उरलं नाही आणि पहिली तारीख आली. बायकोचा फोन आला.

"अहो, या महिन्याचे?"

"पार्टीकडे पेमेंट अडकलंय. दोन-चार दिवस."

"मागच्या महिन्याचे अर्धेच आलेत."

"दोन्ही एकदमच देतो. काम डोक्यावरून चाललंय ग, वेळच नाही बँकेत जायला."

मागे करवत ओरडत होती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ऐकू येतंय मला."

तिने दोन महिने वाट पाहिली. ठकीची फी होती, चष्मा होता. लॅबमध्ये तिने संध्याकाळचीही पाळी घेतली. पायाला सूज यायला लागली तेव्हा तिने वकिलाकडे जाऊन थकलेल्या पोटगीचा अर्ज टाकला. मिस्त्रींच्या त्या तरुण वकिलानेही मग उत्पन्न घटल्यामुळे पोटगी कमी करावी असा अर्ज लिहिला. "सही करा," तो म्हणाला, "आणि या वेळी तुम्ही काही बोलू नका." मिस्त्रींनी वाचलं. उत्पन्न घटलं या शब्दांवर त्यांचा अंगठा थांबला, जसा लाकडाच्या उंचवट्यावर थांबायचा.

"हे शब्द बदला."

"मग काय लिहू?"

"तात्पुरत्या अडचणीमुळे."

वकिलाने ते लिहिलं. दुसरा इलाज नव्हता.

न्यायाधीश बाई त्याच होत्या. बायकोच्या वकिलाने दोन पुरावे दिले. एक कारखान्याचं विजेचं बिल, जे मागच्या वर्षीएवढंच होतं. आणि दुसरा मेव्हणीची साक्ष.

"रोज दहा ते सहा," मेव्हणी म्हणाली. "मधे एक ते दोन जेवणाची सुट्टी. मी घरून काम करते, फोनवर बोलावं लागतं. लोक विचारतात, मॅडम तुम्ही गिरणीत बसता का? आणि भावोजी म्हणतात काम नाही!"

"मी कुठे म्हटलं काम नाही?" मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींच्या वकिलाने डोळे मिटले.

"म्हणजे काम आहे?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी मान वळवून मागे पाहिलं. कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर सलूनवाला बसला होता. मिस्त्रींना सोबत म्हणून तो दुकान बंद करून आला होता.

"करवत चालू असते की नाही?"

"चालू असते."

"काय कापता?"

"लाकूड," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी पुढची तारीख दिली आणि सावकाश समजावून सांगितलं. उत्पन्न घटल्याचा पुरावा आणा. नाही आणला तर थकलेली सगळी रक्कम द्यावी लागेल. ती नाही दिली तर करवत जप्त होईल, लिलावात जाईल. तरी भागलं नाही तर आत जावं लागेल. "पुरावा म्हणजे काहीही," बाई म्हणाल्या, "कुणी मालक येऊन सांगू दे की यांना काम देणं बंद केलंय. तुम्ही स्वतः शपथेवर सांगा. पण सांगा."

बाहेर सलूनवाला म्हणाला, "वकील लोकांचा खेळ असतो हा, मिस्त्री. तुमच्याएवढं काम या गल्लीत कुणाकडे आहे?"

"तेच तर," मिस्त्री म्हणाले.

रविवारी ठकी यायची. आली की आधी तिची उंची मोजायची, हा नियम. दरवाजाच्या चौकटीवर ती पाठ टेकून उभी राहायची आणि मिस्त्री डोक्यावर काटकोनी गुण्या धरून रेघ ओढायचे. मग पट्टी लावायचे.

"एकशे सव्वीस आणि सात."

"शाळेत एकशे अठ्ठावीस आली, बाबा. आई पण म्हणते एकशे अठ्ठावीस. तुमच्याकडे आले की मी बुटकी होते."

"शाळेची पट्टी आखूड असेल."

"आई म्हणते, बाबा मुलीला पण कमी मोजतात."

मिस्त्रींनी रेघेवर तारीख टाकली. 

ठकी नऊ वर्षांची होती आणि तिला त्या दिवशी लाकूड हवं होतं. शाळेत शुक्रवारी घराची प्रतिकृती न्यायची होती. तिने पोती उघडली आणि हरखून गेली. सारख्या जाडीच्या, गुळगुळीत, हजारो काड्या. असा माल कुठल्या दुकानात मिळाला नसता.

"एवढ्या कशाला केल्यात?"

"असंच."

"प्रत्येकीवर लिहिलंय पण!"

"सवय."

"नेऊ एक पोतं?"

मिस्त्रींनी पोत्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मुलीने लाकूड मागितलं तर नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "ने," ते म्हणाले. "पण लिहिलेली बाजू आत ठेव. बाहेरून बरं दिसत नाही."

ठकीने नेमकं उलट केलं. तिला ते लिहिलेलं फार आवडलं होतं. घराला छापील कागद लावल्यासारखं दिसतं, असं तिचं मत. बुधवारी संध्याकाळपर्यंत चार भिंती उभ्या राहिल्या, छप्पर झालं. आई कामावरून आली, पाय गरम पाण्यात घालून बसली आणि समोर टेबलावर ते घर.

"छान झालंय," ती म्हणाली. आणि सवयीने वाचायला लागली. वीस वर्षं ती नळ्यांवरचे नंबर वाचत होती. नंबर दिसला की डोळा थांबायचाच.

फळी नऊ, तुकडा एक. फळी नऊ, तुकडा एक, त्यातला दोन. खालची तारीख पुढची. त्यातला चार, तारीख आणखी पुढची. तिने घर फिरवून मागची भिंत वाचली. नऊच. उजवी भिंत चौदा. तारखा तीच रांग धरून चाललेल्या, एकही दिवस न गाळता. ज्या दिवशी तिने फोन केला होता, त्या दिवसाच्या सात काड्या दरवाजाच्या बाजूला होत्या.

पाणी गार झालं. तिने बहिणीला फोन लावला.

"तू कोर्टात सांगितलंस ना, रोज कापतात म्हणून?"

"मग? खोटं आहे का?"

"नाही. पण तीच ती फळी कापतायत."

"म्हणजे?"

"पाच महिने. नऊ नंबरची संपली की चौदाची."

बहीण खिडकीशी जाऊन खाली कारखान्याकडे बघून आली. मग म्हणाली, "अगबाई. आणि मी त्या आवाजासाठी कानात घालायचे बोळे घेतले."

"मी हे न्यायाधीश बाईंना दाखवणार आहे."

"वेडी आहेस का? रक्कम कमी होईल तुझी!"

"लॅबमध्ये रिपोर्ट आला की द्यायचा असतो," ती म्हणाली. "कुणाला आवडेल ते बघून देत नाहीत. आणि करवत लिलावात गेली तर त्यातून मला किती मिळणार? एक चष्मा येईल." फोन ठेवून तिने ठकीला विचारलं, "उद्या हे घर मी एके ठिकाणी नेऊ का?"

"शुक्रवारच्या आत आण," ठकी म्हणाली. "आणि छप्पर धरून उचलू नको."

गुरुवारी कोर्टात ती खोकं घेऊन आली. मिस्त्रींनी खोकं पाहिलं, पण त्यांना वाटलं डबा असेल. त्यांची तयारी झाली होती. करवत जाऊ दे, आत जावं लागलं तर जाऊ, असं त्यांनी रात्रीच ठरवून टाकलं होतं आणि दाढी करून, पेन्सिल टोकदार करून ते आले होते. सलूनवाला मागच्या बाकावर होताच.

बायकोने घर काढून टेबलावर ठेवलं आणि काय काय लिहिलंय ते सांगितलं. तिच्या वकिलाला यातलं काही माहीत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बाई, आपण कुठल्या बाजूने आहोत?"

न्यायाधीश बाई घरावर वाकल्या. एक भिंत वाचली, दुसरी वाचली. 

"मिस्त्री, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"या सगळ्या पाच महिन्यांत तुम्ही हेच कापत होता? कामाचं काही नाही?"

मागे बाक करकरला. मिस्त्रींनी वळून पाहिलं नाही.  ते पुढे झाले, घराजवळ वाकले, आणि एका काडीवर बोट ठेवलं.

"ही नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ही सतरा तारखेची. हिला रंग लागलाय, बघा. रंग फक्त खऱ्या नमुन्याला लागतो. त्या दिवशी पंपाच्या झाकणाचं काम आलं होतं. ही त्या कामातली."

मिस्त्रींच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

"म्हणजे पाच महिन्यांत एक काम?"

"दोन," मिस्त्री म्हणाले. "दुसरं छपरात आहे."

बाईंनी छप्पर पाहिलं. होतं. "आणि बाकीचं सगळं?"

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कानामागे ठेवली.

"बाकीचं काम नाही," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. पण ते शपथेवर होतं आणि कारकुनाने टिपून घेतलं.

"उत्पन्न लपवणारे माझ्यासमोर रोज येतात," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "उत्पन्न नाही हे लपवणारे तुम्ही पहिले." मग त्यांनी हुकूम सांगितला. पोटगी वर्षभरासाठी निम्मी. थकलेली रक्कम माफ नाही, मुलीची आहे ती, पण हप्त्यांनी द्यायची. काम वाढलं की आपण होऊन कळवायचं. करवत जप्त होणार नाही, मात्र विनाकारण चालवायचीही नाही. शेवटचं वाक्य कारकुनाने दोनदा विचारून घेतलं.

मग अडचण आली ती घराची. ते पुराव्यात दाखल करून घ्यायचं म्हणजे कोर्टात ठेवावं लागणार, आणि उद्या शुक्रवार. बाईंनी फोटो काढून घ्यायला सांगितलं आणि घर परत दिलं. पण तोवर कारकुनाने नियमाप्रमाणे छपराला चिठ्ठी डकवली होती, निशाणी सात, सही, शिक्का. ती निघेना. ठकीचं घर तसंच शाळेत गेलं. वर्गातल्या बाईंनी विचारलं, हे काय, तर ठकी म्हणाली, "घराचा नंबर."

कोर्टाच्या बाहेर व्हरांड्यात मिस्त्री आणि बायको समोरासमोर आले. तिच्या हातात खोकं.

"पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी सहा वाजल्यापासून लोकांचं रक्त काढतेय, दोन पाळ्या करतेय, आणि तुम्ही सलूनवाल्याला कळू नये म्हणून भुसा पाडत होता."

"विजेचं बिल मी भरलंय," मिस्त्री म्हणाले.

"तोंड वर करून सांगतायत!" ती म्हणाली. पण खोकं तिने त्यांच्या हातात दिलं, बस येईपर्यंत धरायला. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी धरलं, छपराला धक्का न लावता. बसची वाट बघताना त्यांनी एक कोपरा निरखला. "सांधा जरा सैल राहिलाय," ते म्हणाले.

"तिला सांगू नका."

"नाही सांगत."

शुक्रवारी दहा वाजले आणि करवत सुरू झाली नाही.

गल्ली थांबली. मेव्हणी खिडकीत आली, कानातले बोळे काढून पुन्हा घालून पाहिले. सलूनवाला वस्तरा हातात धरून पाच मिनिटं उभा राहिला, फेसाखालचं गिऱ्हाईक वाळायला लागलं. कोर्टात त्याने सगळं ऐकलं होतं, तरी त्याला वाटलं होतं कोर्टातलं कोर्टात राहतं. गिऱ्हाईक तसंच सोडून तो रस्ता ओलांडून आला. मिस्त्री दारात स्टुलावर बसले होते. हात मांडीवर.

"काय मिस्त्री? आज बंद?"

मिस्त्रींनी जिभेने ओठ ओले केले. "काम नाही," ते म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना जरा सोपं गेलं.

सलूनवाला त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी वाईट वाटल्याचं दिसलं, मग हळूहळू दुसरंच काही आलं.

"म्हणजे मोकळे आहात?"

"आहे."

"अहो, माझी आरशाखालची फळी पडून दीड वर्ष झालं! सगळ्या बाटल्या बादलीत ठेवतोय मी. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती. रोज एवढी ऑर्डर चाललेली तुमची, म्हटलं हा माणूस पंपाचे भाग करतो, त्याला फळी कुठे सांगायची."

मिस्त्री उठले. फळ्याबिळ्या ठोकणारा सुतार वेगळा, हे वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकावर पंचवीस वर्षं तयार होतं. ते त्यांनी गिळलं. कडू लागलं असावं, कारण त्यांनी वर पाणी प्यायलं. मग पट्टी घेतली आणि सलूनमध्ये जाऊन दोन भिंतींमधलं अंतर मोजलं. सलूनवाल्याचं टेप मेजर तिथेच पडलेलं होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पट्टीवर आलेला आकडा तळहातावर लिहून घेतला, तेवढ्यात बाहेर मेव्हणीने खिडकीतून हाक मारली, "भावोजी, माझं कपाट पण बघा ना, दार लागत नाही," आणि ते तिच्याशी बोलायला थांबले. दुपारी त्यांनी फळी कापली. पण तळहातावरचा आकडा घामाने पुसला होता. म्हणून त्यांनी सलूनवाल्याला ओरडून माप विचारलं. सलूनवाल्याने टेप लावून सांगितलं, दीड मीटर. मिस्त्रींनी आपल्या पट्टीने दीड मीटर कापली. कडेवरून अंगठा फिरवला. फळीच्या पाठीवर नंबर आणि तारीख टाकली.

फळी बसली नाही. दीड सेंटिमीटर लांब झाली. दोघांनी दोन्हीकडून रेटून पाहिलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून बघत होतं.

"मोठी झाली मिस्त्री," सलूनवाला म्हणाला.

मिस्त्रींनी फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि विचार केला. "निवली की बसेल," ते म्हणाले, आणि कापायला परत घेऊन गेले. त्यांना हसू आलेलं गल्लीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं मेव्हणी सांगते, पण ती खिडकीत होती, खिडकीतून तेवढं दिसत नाही.

संध्याकाळी जाता जाता त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शाळेच्या मुलांची असते तशी एक साधी पट्टी घेतली.

रविवारी ठकी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मिस्त्रींनी आधी जुनी पट्टी उचलली, खाली ठेवली आणि नवी लावली. ती छोटी असल्यामुळे पाच वेळा लावावी लागली.

"एकशे अठ्ठावीस."

ठकीने वळून रेघ पाहिली. "एका आठवड्यात एवढी वाढले?"

"वाढलीस," मिस्त्री म्हणाले.

तिला घ्यायला आई आली होती. दारात उभी राहून ती कारखान्यात बघत होती. करवत बंद होती. टेबलावर मेव्हणीच्या कपाटाचं दार होतं, एका म्हातारबुवांच्या खुर्चीचा पाय होता, आणि कुणाची तरी पोळपाटाएवढी छोटी खिडकी. निम्म्या रकमेला हे पुरणार नव्हतं. निम्म्याच्या निम्मं कदाचित होईल, असा हिशोब तिने मनात करून टाकला.

"कसं चाललंय?" तिने विचारलं.

मिस्त्रींच्या तोंडात शब्द आला. तो तिलाही दिसला, कारण त्यांचे ओठ मिटले होते, त्या शब्दासाठी मिटतात तसे. त्यांनी ते पुन्हा उघडले.

"वाईट चाललंय," ते म्हणाले.

 ती आत आली, टेबलाजवळचं स्टूल ओढलं, भुसा झटकला आणि बसली.

"सांगा," ती म्हणाली.